हिरवा अहवाल आणि न तपासलेल्या हिरड्या : ठाणे व नवी मुंबईतील दंतवैद्यांस खुले पत्र

प्रति,
ठाणे व नवी मुंबई परिसरातील सर्व दंतवैद्य

विषय : हिरड्यांच्या आजाराचा धोका सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांबाबत

आदरणीय डॉक्टर,

सविनय नमस्कार.

मी नौपाड्यात राहते. कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. दंतवैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही आणि आपल्या कामात आपल्याला सल्ला द्यावा एवढा माझा अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण हिरड्यांच्या आजाराची जनुकीय चाचणी म्हणून शिबिरात जे विकले गेले त्याची झळ माझ्या घराला लागली, आणि ज्या विज्ञानाचे नाव घेऊन ते विकले गेले ते मी आयुष्यभर वर्गात शिकवत आले.

माझा धाकटा भाऊ ऐरोलीला राहतो आणि रबाळ्याच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करतो. आमच्या वडिलांना पन्नाशीच्या आतच कवळी लागली. आई शेवटपर्यंत रोज सकाळी मशेरी लावायची आणि तिचेही दात एकेक करून हलले आणि पडले. "आपल्या घराण्याच्या नशिबी दात नाहीत" हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले की भावाला ते पटूनच गेले होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या सोसायटीत आरोग्य शिबिर भरले, तेव्हा तिथल्या टेबलावर बसलेल्या मुलाने त्याच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला आणि साडेतीन हजार रुपयांची पावती दिली. तीन आठवड्यांनी मोबाइलवर अहवाल आला. पहिल्याच पानावर हिरवा गोल होता, त्याखाली 'कमी धोका' असे शब्द होते आणि शेवटी वर्षातून एकदा दातांची स्वच्छता पुरेशी असल्याचा सल्ला होता. भावाने तो अहवाल लगेच मला पाठवला आणि खाली लिहिले, "ताई, मी सुटलो."

त्या शिबिरात त्याला कोणी तोंड उघडायला सांगून हिरड्या पाहिल्या नाहीत. विसाव्या-बाविसाव्या वर्षापासून तो जेवणानंतर तंबाखू मळतो, हे कोणी विचारले नाही आणि त्याची शुगर कधी तपासली आहे का, हेही कोणी विचारले नाही. पुढची तीन वर्षे तो कोणत्याही दंतवैद्याकडे गेला नाही. दात घासताना रक्त दिसले तरी रिपोर्ट चांगला आहे म्हणून त्याने लक्ष दिले नाही. त्या अहवालाचे कौतुक मीही केले होते. शिक्षिका असून मी त्याला एक प्रश्न विचारला नाही, हे मला इथे सांगितलेच पाहिजे.

गेल्या वर्षी गणपतीत तो आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा उजव्या बाजूने त्याला काहीच चावता येत नाही हे माझ्या लक्षात आले. मी त्याला नेरूळच्या एका दंत महाविद्यालयात घेऊन गेले. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने टोकाशी मिलिमीटरच्या खुणा असलेला बारीक प्रोब प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच सरकवला आणि शेजारी कागद घेऊन बसलेल्या मुलीला ती आकडे सांगू लागली. "थ्री, टू, थ्री. थ्री, थ्री, फोर." उजवीकडच्या खालच्या दाढांपाशी आली तेव्हा ती थांबली, प्रोब पुन्हा एकदा घातला आणि मग म्हणाली, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन." मी खुर्चीच्या मागे उभी होते. दात आणि हिरडी यांच्यातली तीन मिलिमीटरपर्यंतची फट निरोगी मानतात आणि सात म्हणजे दाताला धरून ठेवणारे हाड तिथून खाली उतरलेले असते, हे मला त्या दिवशी कळले. प्रोब बाहेर आला की प्रत्येक वेळी त्याच्या टोकाला रक्त होते. तंबाखूची गोळी ज्या कोपऱ्यात तो ठेवतो, तिथली हिरडी दाताच्या मुळापर्यंत सरकलेली होती. रक्ततपासणीत त्याचे एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारे माप, ८.९ टक्के निघाले, म्हणजे त्याला मधुमेह होता आणि त्याचा आम्हांला पत्ताच नव्हता. हे सगळे तपासायला वीस-पंचवीस मिनिटे लागली आणि केसपेपरचा खर्च शंभर रुपयांच्या आत होता. दोन दाढा काढाव्या लागल्या.

हिरड्यांच्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा नाही, असे मी म्हणत नाही. तो आहे, आणि त्याचा एक उत्तम पुरावा आपल्या शेजारच्या देशातला आहे. हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते १९८५ या पंधरा वर्षांत श्रीलंकेतील चहामळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांचे दात पुन्हा पुन्हा तपासले. या मजुरांना दात स्वच्छ करण्याची सवय नव्हती, त्यांच्यापर्यंत दंतवैद्य पोहोचलेला नव्हता आणि सर्वांच्या दातांवर कीटणाचे थर होते. तरीही त्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांच्या दातांचा आधार झपाट्याने गेला, ८१ टक्के लोकांचा मध्यम गतीने गेला आणि ११ टक्के लोकांच्या हिरड्या सुजलेल्या असूनही आजार त्यापुढे सरकला नाही. सगळ्यांच्या तोंडात सारखीच घाण असताना इतका फरक का पडावा, या प्रश्नातूनच जनुकांचा शोध सुरू झाला. पुढे २००० साली अमेरिकेत जुळ्यांच्या ११७ जोड्यांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की हाडापर्यंत गेलेल्या आजारात माणसामाणसांत जो फरक आढळतो त्यातला जवळपास निम्मा आनुवंशिक असावा. त्याच अभ्यासात हिरड्यांच्या साध्या सुजेबाबत मात्र सवयींचा हिशेब धरल्यावर आनुवंशिकतेचा वाटा उरला नाही.

'निम्मा' या शब्दाचा अर्थ समजावताना वर्गात माझा नेहमी एक तास जास्त जायचा. हा आकडा समूहातल्या फरकाबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल बोलत नाही. माझ्या भावाच्या दोन दाढांपैकी एक वडिलांमुळे गेली आणि एक तंबाखूमुळे गेली, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय हा निम्मा वाटा एका जनुकात साठवलेला नाही, तो कितीतरी जनुकांत चिमूटचिमूट विखुरलेला आहे. संपूर्ण जनुकसंच चाळणाऱ्या मोठ्या अभ्यासांतून काही जागा हाती लागल्या, पण एखाद्या माणसाचे भाकीत करावे एवढे वजन त्यांत नाही.

बाजारात आलेल्या चाचण्यांचा पाया १९९७ सालच्या एका संशोधनात आहे. केनेथ कॉर्नमन आणि सहकाऱ्यांनी इंटरल्युकिन-१ या प्रथिनाच्या जनुकांतील विशिष्ट बदल आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध दाखवला. जंतूंची चाहूल लागली की आपल्या पेशी हे प्रथिन सोडतात, त्यामुळे सूज वाढते आणि हाड विरघळवणाऱ्या पेशींना चालना मिळते. त्यामुळे संशोधनाची दिशा योग्यच होती. पण तो संबंध धूम्रपान न करणाऱ्यांत दिसला होता, धूम्रपान करणाऱ्यांत दिसला नव्हता. तंबाखूच्या धुरापुढे या जनुकाचा परिणाम वेगळा ओळखताच आला नाही. २००० साली चिनी वंशाच्या ३०० लोकांना तपासले, तेव्हा हे बदल जेमतेम २.३ टक्के लोकांत सापडले, आणि युरोपीय वंशाच्या लोकांत ते सुमारे एकतृतीयांशांमध्ये असतात. याचा सरळ अर्थ असा की ही चाचणी त्या ३०० जणांच्या हाती दिली असती तर जवळपास सर्वांना हिरवा गोल मिळाला असता. हिरड्यांचा आजार मात्र चीनमध्येही भरपूर आहे.

भावाच्या अहवालातला 'वर्षातून एकदा पुरे' हा सल्ला कुठून आला असावा, याचाही मी शोध घेतला. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ५,११७ प्रौढांच्या दंतविम्याच्या सोळा वर्षांच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना धूम्रपान, मधुमेह आणि इंटरल्युकिन-१ चे जनुकीय बदल या तिन्हींपैकी काहीच नाही, त्यांना वर्षातून दोनदा स्वच्छता करून घेतल्याने विशेष फायदा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, इतर संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि जनुकीय चाचणीच्या आधारे प्रतिबंधक उपचार कमी करण्याला तीत काहीही आधार नाही, असे स्पष्ट लिहिले. तो सल्ला मूळ अभ्यासापुरता जरी मान्य केला, तरी तो तंबाखू आणि मधुमेह नसलेल्यांसाठी होता. माझ्या भावाला दोन्ही होते. अहवाल छापणाऱ्याने त्याला त्यांपैकी एकाबद्दलही विचारले नव्हते.

ही माहिती आपल्याला नवी नाही, हे मी जाणते. २०१८ पासून आपण हिरड्यांच्या आजाराची वर्गवारी ज्या पद्धतीने करता, तिच्यात आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना दोनच गोष्टी रुग्णाला वरच्या श्रेणीत ढकलतात : दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी आणि ७ टक्के किंवा त्याहून अधिक एचबीए१सी. त्यासाठी कोणत्याही जनुकीय चाचणीची गरज तिच्यात सांगितलेली नाही. मला या पद्धतीत एवढीच उणीव जाणवते की ती सिगारेटी मोजते आणि आपल्याकडे मोजायच्या असतात त्या पुड्या. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले, म्हणजे जवळपास चौथा माणूस. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आवारात किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या टपरीसमोर सकाळी उभे राहिले की ती बंदी किती पाळली जाते हे दिसते.

मशेरीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण ती मी रोज पाहिली आहे. माझी आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर बारीक करायची आणि तपकिरी झाकणाच्या डबीत भरून ठेवायची. सकाळी आणि दुपारी जेवण झाल्यावर ती उंबऱ्याशी बसून तर्जनीने हिरड्यांवर मशेरी चोळायची आणि कितीतरी वेळ तशीच तोंडात राहू द्यायची. तिला कोणी "तंबाखू खाता का?" असे विचारले असते, तर तिने मनापासून "नाही" म्हटले असते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे होते. आजही कोपरीत, कळव्यात, घणसोलीच्या जुन्या गावठाणात अशा कितीतरी बाया आहेत. आपण त्यांना "मावशी, मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?" असे विचारले तरच खरे उत्तर मिळेल. त्या एका उत्तरातून हिरड्यांच्या भविष्याबद्दल जेवढे कळते, तेवढे गालाच्या नमुन्यातून कळत नाही, अशी माझी खात्री आहे.

काही डॉक्टरांशी मी याविषयी बोलले. एका तरुण डॉक्टरांनी मला प्रामाणिकपणे सांगितले की रुग्ण ऐकत नाहीत, दरवेळी ब्रश नीट करा, तंबाखू सोडा म्हणून सांगितले तरी मान हलवतात आणि जातात. छापील अहवालात लाल गोल दिसला तर निदान घाबरून तरी काळजी घेतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची अडचण मला मनापासून समजते, कारण तीस वर्षे मीही न ऐकणाऱ्यांनाच शिकवले. पण आजाराचा जनुकीय धोका सांगितल्याने माणसे धूम्रपान सोडतात का, आहार-व्यायाम बदलतात का, हे तपासणाऱ्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, तेव्हा वागणुकीवर परिणाम जवळपास नाहीच, असे दिसले. ज्याला हिरवा गोल मिळतो त्याचे काय होते, ते मी वर लिहिलेच आहे. आणि लाल गोल मिळालेल्याच्या मनात, माझ्या भावाच्या मनात चाळीस वर्षे जे होते तेच, म्हणजे नशिबात दात नाहीत तर घासून काय उपयोग, हे पक्के बसले तर त्याला कोण जबाबदार?

रुग्ण ऐकतो तो स्वतःच्या तोंडातला पुरावा पाहिल्यावर. नेरूळला त्या मुलीने भावाच्या हातात आरसा दिला, प्रोब दाढेच्या कडेने आत जाताना त्याला दाखवला आणि वर आलेली रक्ताची रेघ दाखवली. त्या दिवसापासून त्याने तंबाखू सोडली, असे मला लिहिता आले असते तर फार बरे वाटले असते. त्याने ती निम्म्यावर आणली आहे आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. शुगरची गोळी सुरू झाली आहे. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे कोक्रेन या वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात आहे. त्यामुळे त्याचे शुगरचे डॉक्टरही आता त्याला दाताच्या तारखांची आठवण करून देतात.

जनुकीय चाचणी खरोखर लागते असे रुग्णही आपल्याकडे येतात, पण ते फार थोडे असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात सुजलेल्या हिरड्यांतून हलून पडत असतील आणि त्याच्या तळहातांची-तळपायांची कातडी जाड, खरखरीत झाली असेल, तर ती पापिलॉं-लफेव्र विकाराची खूण असू शकते. कॅथेप्सिन-सी या एकाच जनुकातील दोषामुळे हा विकार होतो, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. दहा लाखांत एक ते चार मुलांना होणारा हा विकार नात्यातल्या लग्नांमध्ये अधिक दिसतो, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. अशा घराला मोठ्या रुग्णालयातील जनुकीय सल्ला विभागाकडे पाठवणे म्हणजे पुढच्या बाळासाठी केलेले मोठे काम आहे. एका जनुकाने ठरणारा हा विकार आणि माझ्या भावाच्या हिरड्यांचा पायोरिया यांना एकाच चाचणीच्या नावाखाली आणणे मला एक शिक्षिका म्हणून अतिशय चुकीचे वाटते.

भावाने शिबिरात ज्या अर्जावर सही केली, त्यात त्याचा नमुना किती दिवस ठेवला जाईल आणि आणखी कशासाठी वापरला जाईल, हे कुठेही लिहिलेले नव्हते. सख्ख्या भावंडांची जनुके सरासरी निम्मी सारखी असतात. म्हणजे त्या काडीवर माझीही माहिती गेली, आणि मला कोणी विचारले नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. ज्या शिबिरात हिरड्यांच्या धोक्यासाठी गालाचा नमुना घेतला जात असेल, त्या शिबिराला आपले नाव आणि आपल्या दवाखान्याचा फलक देऊ नका. कोणी असा अहवाल घेऊन आपल्याकडे आला, तर तो हिरवा असो की लाल, बाजूला ठेवून आधी प्रोब घ्या, आणि 'या कागदावरून तुमच्या हिरड्यांचे काही ठरत नाही' हे त्याला मराठीत, त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. आई-वडिलांचे दात कोणत्या वयात गेले हे जरूर विचारा. ती आनुवंशिकतेची फुकट चौकशी आहे, आणि त्याच चौकशीत घरातल्या मशेरीच्या डबीचाही पत्ता लागतो. पस्तिशीच्या पुढच्या रुग्णाची, आणि तंबाखू असेल तर त्याआधीही, शुगर एकदा तपासून घ्या. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून 'रक्त येत नाही' हे त्याचे उत्तर पुरेसे धरू नका.

नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात इतकी दंत महाविद्यालये आहेत की दर रविवारी एका सोसायटीत दोन इंटर्न आणि एक पदव्युत्तर विद्यार्थी पाठवणे अवघड नसावे. ठाण्यातल्या डॉक्टरांनी मनावर घेतले तर त्यांनाही ते जमेल. आमच्या सोसायटीत जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी शिबिर ठरले आहे. गेल्या वेळी आमच्याकडेही जिथे नमुन्यांच्या नळ्यांचे टेबल होते, ती जिन्याजवळची जागा मी समितीकडे मागून घेतली आहे. पाठ टेकायला खुर्ची, चांगल्या प्रकाशाचा दिवा, उकळलेले पाणी, हातमोजे आणि आकडे लिहून घ्यायला बारावीच्या दोन मुली एवढी तयारी आम्ही ठेवतो. आपण आरसा आणि निर्जंतुक केलेले प्रोब घेऊन यावे. सोसायटीत एकशे बारा घरे आहेत आणि पहिले नाव मी माझे लिहिले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
नौपाडा, ठाणे